दुरून कोड वाचायचा? मेगापिक्सेल नंतर, आधी टेप घ्या

या वेळी व्हॉट्सॲपवर आलेले बरेच प्रश्न एकाच जातीचे निघाले. कुणाला गोदामातलं कार्ड लांबून वाचायचंय, कुणाला ट्रॉलीवरचं, कुणाला गाईच्या कानातलं, आणि सगळ्यांचा शेवट एकच की सर किती मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ. म्हणून हा अंक त्यालाच दिला. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त गेलीय कारण हिशोब तिथंच मांडलाय, पुढच्या उत्तरांत तोच वापरलाय, तेवढं एकदा वाचून घ्या.

प्रश्न : नमस्कार सर, आमची लातूर एमआयडीसीत डाळ मिल आहे. गोदामात तूर, हरभरा, सोयाबीनच्या थप्प्या लागतात. प्रत्येक थप्पीला आम्ही क्यूआरचं कार्ड लावायलोत, त्यात मालाचं नाव, पार्टीचं नाव, कट्टे किती, वजन, ओलावा, आवक तारीख सगळं टाकलंय. कोड ८ सेंटीमीटरचा आहे. मोबाईल जवळ नेला की पटकन वाचतंय, पण आम्हाला वर लावलेल्या कॅमेऱ्यानं सहा मीटरवरून वाचायचंय म्हणजे दरवेळी माणूस पाठवायला नको. आत्ताचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, लेन्स ४ एमएम. कॅमेरावाला म्हणतोय ८ मेगापिक्सेल घ्या, चौपट क्लिअर येतं. घ्यावा का? — एक वाचक, लातूर

उत्तर : थांबा जरा, चेक फाडू नका. ८ मेगापिक्सेल म्हणजे चौपट पिक्सेल, चित्राचे ठिपके, हे खरंय, पण ते उभे-आडवे दोन्हीकडं वाटले जातात, म्हणून आडव्या ओळीत १९२० चे ३८४० होतात, म्हणजे फक्त दुप्पट, आणि कोड वाचायला ही ओळीतलीच मोजणी कामाला येते. आता या दुप्पटीनं तुमचं काम भागतंय का ते टेपनं मोजून बघू.

क्यूआर म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांची चौकट. सगळ्यात लहान क्यूआरमध्ये २१ गुणिले २१ घरं असतात, मजकूर वाढला की कोड पुढच्या साइजला जातो आणि दर साइजला प्रत्येक बाजूला ४ घरं वाढतात, २५, २९, ३३ असं करत पार १७७ पर्यंत. तुम्ही जे सगळं टाकलंय ते इंग्रजीत शंभरेक अक्षरं तरी होईल, त्याला साधारण ४१ गुणिले ४१ चा कोड लागतो. ८ सेंटीमीटरला ४१ नं भागा, एक घर आलं २ मिलीमीटरच्या आसपास.

आणि हा मजकूर मराठीत टाकला असेल तर अजून अवघड, कारण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा वेगळी मोजली जाते आणि प्रत्येकी ३ बाइट (कोडमधली जागा मोजायचं माप) खाते. नुसतं 'सोयाबीन' लिहिलं तरी २१ बाइट गेले. तीच शंभर अक्षरं मराठीत टाकली तर तीनशे बाइट होतात आणि कोड ६९ गुणिले ६९ वर जातो, मग ८ सेंटीमीटरमध्ये एक घर सव्वा मिलीमीटरपेक्षाही बारीक होतं. मराठीवर आपलं प्रेम आहेच, पण ते कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा, कोडच्या पोटात नको.

आता कॅमेऱ्याची बाजू. २ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सर, म्हणजे लेन्सच्या मागं चित्र टिपणारा तुकडा, साडेपाच मिलीमीटरच्या आसपास रुंद असतो. ४ एमएमची लेन्स लावली की सहा मीटरवर फ्रेममध्ये साधारण सव्वाआठ मीटर रुंदीचा भाग मावतो. हे गणित करायचं नसेल तर सरळ दोन माणसं थप्पीजवळ उभी करा, स्क्रीनच्या डाव्या कडेला एक आणि उजव्या कडेला एक आलं की त्यांच्यामधलं अंतर टेपनं मोजा, तेच उत्तर. सव्वाआठ मीटर म्हणजे ८२५० मिलीमीटर, भागिले १९२०, एका पिक्सेलमध्ये आले ४.३ मिलीमीटर. तुमचं घर २ मिलीमीटरचं. म्हणजे एका पिक्सेलमध्ये आडवी-उभी मिळून चार घरं कोंबली जायलीत, कॅमेऱ्याला तिथं राखाडी डागच दिसणार, दुसरं काही दिसूच शकत नाही.

८ मेगापिक्सेल घेतला तर? ८२५० भागिले ३८४०, २.१५ मिलीमीटर. तरी एका घराला एक पिक्सेलसुद्धा पुरा पडत नाही. आणि एक पडून भागत नाही हेही ध्यानात घ्या. सॉफ्टवेअरला एका घरावर किमान ३ पिक्सेल तरी लागतात, ४-५ असले तर निवांत वाचतं. कारण कॅमेऱ्याचे पिक्सेल काही तुमच्या घरांच्या रेघेला रेघ लावून बसत नाहीत, अर्धा काळ्यावर अर्धा पांढऱ्यावर असे कितीतरी पडतात, त्यात कार्ड थोडं तिरकं, लेन्सवर डाळीचा भुसा, फोकस जरासा हललेला, सगळं धरूनच हा ३ चा आकडा आलाय. तर तुमच्या कॅमेरावाल्याचं ऐकलं असतं तर पैसे गेले असते आणि कोड होता तिथंच राहिला असता.

मग करायचं काय? आधी कार्ड बदला. कोडमध्ये फक्त थप्पी नंबर टाका, इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि आकडे मिळून सात-आठ, बाकीची माहिती तुमच्या एक्सेलमध्ये नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये त्या नंबरसमोर राहू द्या. एक फायदा असा की वजन बदललं, चार कट्टे उचलले तर कार्ड परत छापायला नको. एवढा छोटा नंबर २१ च्या कोडात आरामात बसतो. तो ए-फोर कागदावर भरून छापा. चारी बाजूंनी ४ घरांएवढी पांढरी जागा मोकळी सोडायचीच, तिथं कंपनीचा लोगो किंवा बॉर्डर टाकू नका, ती जागा कोडचाच भाग आहे. एवढं सोडूनही एक घर साडेसहा मिलीमीटरचं निघतं. म्हणजे दोनच्या जागी साडेसहा, नुसत्या कागदावर तिपटीपेक्षा जास्त मिळालं. हेच कॅमेऱ्यातून मिळवायचं तर दहापट मेगापिक्सेल लागले असते.

आता परत भागा. जुना २ मेगापिक्सेल, ४ एमएम : साडेसहा भागिले ४.३, दीड पिक्सेल, अजून नाही जमत. त्याच २ मेगापिक्सेलला १२ एमएमची लेन्स लावा, फ्रेम होते पावणेतीन मीटरची, एका पिक्सेलला १.४ मिलीमीटर, घरावर साडेचार पिक्सेल. झालं काम, तेही जुन्या मेगापिक्सेलमध्ये. बाजारात २.८ ते १२ एमएम फिरवता येणारी व्हेरिफोकल लेन्स मिळते, ती घेतली तर जागेवर जुळवून बघता येतं. आणि खरं सांगायचं तर नवीन कार्ड लावून ८ मेगापिक्सेल आणि ४ एमएम घेतला तरी घरावर ३ पिक्सेल येतात, म्हणजे काठावर पास, उजेड चांगला असेल तर वाचेल, ढगाळ दिवशी रुसेल.

फक्त एक गोष्ट सोडून द्यावी लागते. १२ एमएमवर कॅमेरा पावणेतीन मीटरच बघतो, पूर्ण गोदाम नाही. चोरीवर लक्ष ठेवणारा कॅमेरा आणि कोड वाचणारा कॅमेरा ही दोन वेगळी कामं आहेत. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकात अनोळखी माणसाची ओळख पटवायला एका मीटरला २५० पिक्सेल धरतात, म्हणजे पिक्सेलला ४ मिलीमीटर. चेहरा ओळखायला तेवढं पुरतं, तुमच्या जुन्या कोडला अजिबात नाही. म्हणून 'चेहरा क्लिअर येतोय की' हा पुरावा कोडच्या बाबतीत धरू नका.

तुमच्या गल्लीत दहा-बारा थप्प्या असतील आणि हमाल, मुकादम दिवसभर तिथंच फिरत असतील तर माझं मत विचाराल तर दहा कॅमेरे लावण्यापेक्षा मुकादमाच्या हातात एक स्कॅनर द्या. लांब पल्ल्याचे हातातले स्कॅनर मिळतात, साडेसहा मिलीमीटरच्या घराचा कोड असा स्कॅनर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वाचू शकतो. घ्यायच्या आधी आपलंच कार्ड आपल्याच गोदामात लावून डेमो मागा.

दोन किरकोळ सूचना. एक, मोबाईलवर सीसीटीव्ही बघतो तेव्हा ॲप बऱ्याचदा हलकी सबस्ट्रीम दाखवतं, तिच्यात १९२० कुठले, सहा-सातशे पिक्सेलच असतात, चाचणी करताना मेनस्ट्रीमच लावा. दोन, कोड बनवताना एरर करेक्शन विचारतं, एल, एम, क्यू, एच, ते अनुक्रमे ७, १५, २५, ३० टक्के खराबी सावरतं. लोक हौसेनं एच लावतात. पण एच लावलं की तोच मजकूर जास्त घरं मागतो, म्हणजे घर बारीक होतं. कागद फाटला, डाग पडला तर एच वाचवतं, लांबून सगळाच कोड धूसर झाला तर काही उपयोग नाही. तुमचा नंबर इतका छोटा आहे की २१ घरांत एम काय क्यूसुद्धा बसतं, पण मजकूर मोठा असेल तेव्हा हे लक्षात ठेवा.

प्रश्न : दादा, माझं जिंतूरला कृषी सेवा केंद्र आहे. मोबाईल १०८ मेगापिक्सेलचा घेतला, का तर वरच्या रॅकवरच्या बियाण्याच्या पिशवीचा क्यूआर काउंटरवरूनच स्कॅन व्हावा. तीन मीटरवरून काहीच वाचत नाही. पोराचा १२ मेगापिक्सेलचा जुना फोन पण तेवढंच वाचतोय. फसवलं का मला? — एक दुकानदार, जि. परभणी

उत्तर : फसवलं नाही, पण १०८ चा आकडा या कामाला लागूच होत नाही. तुमच्या फोनमध्ये नऊ-नऊ पिक्सेल मिळून एक होतात आणि रोजचा फोटो १२ मेगापिक्सेलचाच निघतो. ५० वाल्यांत चाराचा एक होतो, तिथंही १२ च्या आसपासच. पण खरी गोम त्याच्याही पुढं आहे. स्कॅन करणारं ॲप फोटो काढतच नाही, ते स्क्रीनवर जे चालतं चित्र दिसतंय त्यातून वाचतं, आणि ते चित्र १९२० गुणिले १०८० चं नाहीतर १२८० गुणिले ७२० चंच असतं. अँड्रॉइडवर ॲप बनवणाऱ्यांसाठी गूगलची जी कॅमेऱ्याची लायब्ररी आहे तिच्यात तर काही सांगितलं नाही तर ६४० गुणिले ४८० धरलं जातं, आणि ॲप करणारा घाईत असेल तर तेच राहून जातं. म्हणून दोन ॲपमध्ये, एकाच फोनवर, जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आकड्यात बघा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात तीन मीटरवर साधारण चार मीटरचा भाग मावतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ती बाजू ४००० पिक्सेलची, म्हणजे पिक्सेलला बरोबर १ मिलीमीटर. १९२० च्या चालत्या चित्रात २ मिलीमीटर. ६४० मध्ये ६ मिलीमीटरच्या वर. बियाण्याच्या पिशवीवरच्या कोडचं घर कसंबसं अर्धा-पाऊण मिलीमीटर असतं, तर तीन मीटरवरून कुठलाच आकडा पुरत नाही.

तरी दोन गोष्टी करून बघा. फोनला तीनपट, पाचपट असा खरा टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारा, कॅमेरा असेल तर त्यानं फोटो काढा आणि गॅलरीतून स्कॅन करा. दुसरं, ॲपमध्ये झूम असेल तर तो वापरा. फोटोच्या बाबतीत आपण डिजिटल झूमला नावं ठेवतो, पण स्कॅनिंगमध्ये त्याचा खरोखर उपयोग होतो, कारण झूम केला की फोन सेन्सरच्या मधल्या भागातले पिक्सेल घेतो आणि मग चित्र १९२० चं करतो, म्हणजे जे पिक्सेल आधी वाया चालले होते ते कामाला लागतात. दोनपट-अडीचपटपर्यंत फायदा, त्यापुढं नुसतं फुगवणं. हिशोबानं तीन मीटरवर नाही, पण आधी जेवढ्या अंतरावरून वाचत होतं त्याच्या साधारण दुप्पट अंतरावरून वाचायला लागेल.

सोपा उपाय तुम्हालाही माहीत असेल, वरच्या रॅकच्या कडेला प्रत्येक वाणाचं मोठं कार्ड लावा, तुमच्या स्वतःच्या नंबरचं. पण कंपनीचा किंवा सरकारच्या बियाण्याचा माग ठेवणाऱ्या साथी पोर्टलचा जो क्यूआर पिशवीवर येतो त्याची जागा आपलं कार्ड घेऊ शकत नाही, तो त्या पिशवीचा पुरावा आहे, विकताना पिशवी हातात घेऊन तोच स्कॅन करा.

प्रश्न : सर, मी बीड जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या केन यार्डात आहे. ऊस घेऊन येणाऱ्या ट्रॉल्यांना कोडची प्लेट लावायची आणि गेटवरून जाता जाता कॅमेऱ्यानं वाचायची असं वरून सांगितलंय. ट्रॉली माणूस चालतो त्याच वेगानं येते, तरी चित्र पुसल्यासारखं येतं. मेगापिक्सेल वाढवायला सांगू का? — एक कर्मचारी

उत्तर : मेगापिक्सेल वाढवल्यानं पुसलेलं चित्र जास्त बारकाईनं पुसलेलं दिसेल, एवढंच. हा शटरचा प्रश्न आहे, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उघडा राहतो त्याचा.

ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १.४ मीटर, म्हणजे एका मिलीसेकंदात १.४ मिलीमीटर. संध्याकाळी उजेड कमी झाला की कॅमेरा आपोआप शटर सेकंदाच्या २५ व्या भागापर्यंत उघडं ठेवतो, ४० मिलीसेकंद. तेवढ्यात ट्रॉली ५६ मिलीमीटर सरकली. तुमच्या प्लेटवरचं घर १० मिलीमीटरचं असलं तरी पाच-सहा घरं एकमेकांवर फासली गेली. पुसण हे अर्ध्या घराच्या आत ठेवायचं, म्हणून १० मिलीमीटरच्या घराला शटर ५०० वा भाग तरी हवं, तेव्हा ते २.८ मिलीमीटरवर येतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ऑटो काढून शटर हातानं लावता येतं. पण २५ वरून ५०० वर गेलं की प्रकाश विसावा हिस्सा आत येतो आणि चित्र काळं पडतं, तर प्लेटवर नेमका दिवा मारावा लागतो, आणि दिवा सरळ समोरून नको, प्लेट चमकते, थोडा बाजूनं.

ट्रॉली कॅमेऱ्यासमोरून आडवी जात असेल तर हा पूर्ण हिशोब लागू. कॅमेऱ्याच्या दिशेनंच येत असेल तर पुसण बरंच कमी असतं, पण अंतर बदलत राहतं म्हणून फोकस एका ठराविक पट्ट्यातच बसतो.

पण मला एक कळत नाही, गेटवरच कशाला वाचायचं? प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर थांबतेच की. तिथं इंजिन धडधडत असलं तरी ट्रॉली जागची हलत नाही, अंतर दरवेळी तेच, उजेड तुमच्या हातात, आणि वजन आणि नंबर एकाच क्षणी जोडले जातात, मध्ये कुणी ट्रॉली बदलली ही भानगड नाही. तीन-साडेतीन मीटरवर साधा २ मेगापिक्सेल आणि योग्य लेन्स तिथं निवांत काम करतो. आणि कोड ट्रॉलीच्या मागं खाली लावू नका, चिखल तिथंच उडतो, आणि वरून उसाचं वाढं लोंबलं तर झाकला जातो. पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर, एका कडेला. वरून गेटचाच हट्ट असेल तर टोलनाक्यावर फास्टॅग वाचतो तशी रेडिओची चिप लावा म्हणावं, तिला चिखल, अंधार, वेग कशाचंच पडलेलं नसतं.

प्रश्न : दिवसा कॅमेरा लेबल वाचतो, रात्री लेबल चक्क कोरं दिसतं. कोड गायबच. भुताटकी आहे का? — एक वाचक, जालना

उत्तर : रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर जातो, आणि डोळ्याला काळी दिसणारी प्रत्येक शाई इन्फ्रारेडमध्ये काळी नसते. बिलाच्या कागदासारखं उष्णतेनं काळं होणारं थर्मल लेबल, किंवा काही इंकजेटची शाई, ही तिथं फिकी किंवा कोरी दिसते. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये आणि रिबनवाल्या लेबल प्रिंटरच्या काळ्या रिबनमध्ये सहसा कार्बन असतो, तो इन्फ्रारेडमध्येही काळाच राहतो. लेझरवर छापून त्याच जागी लावा. नाहीतर इन्फ्रारेड बंद करून साधा पांढरा एलईडी लावा. थर्मल लेबल आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तसंही टिकत नाही, मेपर्यंत अख्खं लेबल काळवंडतं.

प्रश्न : वाळूजला एका पार्ट्स कंपनीत क्वालिटीत आहे. कन्व्हेयर ३०० मिलीमीटर रुंद, पार्टवर डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखाच चौकोनी) कोड, एक घर ०.४ मिलीमीटर. पार्ट पट्ट्यावर कुठंही येतो. १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरेल का ५ लागेल? — एक इंजिनिअर

उत्तर : घरावर ४ पिक्सेल धरले तर पिक्सेलला ०.१ मिलीमीटर, ३०० मिलीमीटरला ३००० पिक्सेल. ५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे २४००-२६०० असतात, म्हणजे घरावर सव्वातीन-साडेतीन. कागदावर छापलेला कोड असेल तर चालेल, धातूवर ठिपके ठोकून केलेला असेल तर मला धाकधूक वाटते, तिथं चमक आणि खरवड यातच निम्मी लढाई जाते. त्यापेक्षा पट्ट्यावर दोन्हीकडून गाइड पट्ट्या बसवून पार्ट १५० मिलीमीटरच्या गल्लीत आणा, मग १.३ मेगापिक्सेलचे १२८० पिक्सेलसुद्धा घरावर ३ पेक्षा जास्त येतात. दोन लोखंडी पट्ट्यांनी चौपट पिक्सेलचं काम केलं. प्रकाशाची रिंग कमी कोनातून मारून बघा, आणि पट्टा चालू असतानाच वाचायचं असेल तर ग्लोबल शटरचा, म्हणजे अख्खं चित्र एकाच क्षणी टिपणारा कॅमेरा घ्या, रोलिंग शटर चित्राची एकेक ओळ मागंपुढं टिपतं आणि घरं तिरकी पडतात. तसं बघितलं तर क्यूआरसुद्धा तुमच्याच धंद्यातून आलाय, १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं गाड्यांच्या पार्ट्सचा हिशोब ठेवायला केला होता, हातभर अंतरावरून वाचायला. भिंतीवर, बॅनरवर लावायचा उद्योग लोकांनी नंतर काढला.

प्रश्न : भाऊ, आमच्याकडं देवणी आणि लाल कंधारी मिळून बरीच जनावरं आहेत. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर आणि बारकोड आहे. गोठ्याच्या दारातून कॅमेऱ्यानं वाचून कुठलं जनावर आत आलं ते समजंल का? — एक पशुपालक, उदगीर

उत्तर : बारकोडवरून नाही समजणार. हिशोब बघा, १२ आकडे कोड १२८ या पद्धतीत बसवले तर १०१ बारीक भाग होतात. चार सेंटीमीटर रुंदीत ते बसवले तर एक भाग ०.४ मिलीमीटर. बारकोडला क्यूआरपेक्षा थोडं कमी चालतं, एका भागावर २ पिक्सेल पुरतात, कारण रेघ उंच असते आणि वरखाली कुठूनही वाचता येते. तरी पिक्सेलला ०.२ मिलीमीटर हवं, म्हणजे फोनच्या १२ मेगापिक्सेल फोटोनं साठ सेंटीमीटरवरून, आणि ॲपच्या चालत्या चित्रातून एका फुटावरून. गाय कान हलवायची थांबली तर. दारातून तीन-चार मीटरवरून हे होत नाही, आणि वर केस, शेण, वाकलेला बिल्ला हे वेगळंच.

त्या बिल्ल्यावरचे आकडे मात्र रेघांपेक्षा जाड असतात. तुम्हाला फक्त आपल्याच गोठ्यातली जनावरं ओळखायची असतील तर बारा आकडे सगळे कशाला, शेवटचे तीन-चार वाचले तरी बास, तेवढे टेलिफोटोच्या फोटोत डोळ्यानं दिसतात. आणि आपोआपच पाहिजे असेल तर रेडिओ चिपचा बिल्ला वेगळा लावून दारात अँटेना बसवायचा, दूध डेअरीच्या मोठ्या गोठ्यांत तसंच करतात. सरकारी बिल्ला काढायचा नाही, विमा आणि लसीकरणाची नोंद त्याच नंबरवर असते.

प्रश्न : दादा, माळेगावच्या यात्रेत आमचा रसवंतीचा स्टॉल असतो. गर्दीत लोकांना काउंटरपर्यंत येताच येत नाही, म्हणून पेमेंटचा क्यूआर मोठ्या फ्लेक्सवर वर टांगायचाय, पाच मीटरवरून स्कॅन झाला पाहिजे. किती मोठा छापू? — एक ताई, लोहा

उत्तर : ताई, छपाईवाले अंतराचा दहावा हिस्सा धरतात, पाच मीटरला पन्नास सेंटीमीटर. हा ठोकताळा हवेतून आलेला नाही. पाच मीटरवर फोनच्या चालत्या चित्रात पिक्सेलला साडेतीन मिलीमीटर पडतात, घरावर ३ पिक्सेल म्हणजे घर साडेदहा मिलीमीटरचं, आणि ३७ घरांचा कोड धरला तर चाळीस सेंटीमीटर, वरून थोडी सूट धरून पन्नास. पण हे ३७ घरांपर्यंतच. बँकेनं दिलेल्या पेमेंट कोडमध्ये लांबलचक मजकूर असतो, घरं मोजा. एका बाजूची सगळी घरं एका ओळीत पेननं टिंब देत मोजली की झालं, ५० च्या वर निघाली तर पन्नास सेंटीमीटर पुरणार नाही, पंचाहत्तर करा. कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन प्रत्येकी ७ घरांचे असतात, तेवढं धरून मोजणी लवकर होते.

फ्लेक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका, तो मोठा केला की कडा पुसट होतात. बँकेच्या ॲपमधून पीडीएफ नाहीतर मूळ फाइल डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर द्या. चकचकीत फ्लेक्सवर रात्रीच्या हॅलोजनचा झोत कोडच्या मधोमध पडतो, तर मॅट घ्या आणि थोडा खाली झुकवून ताणून बांधा, वाऱ्यानं पोट काढलेला फ्लेक्स सरळ उभा राहिला तरी घरं वाकडी दिसतात. मध्ये रसाच्या ग्लासाचं चित्र टाकायचा मोह होईल, नका टाकू. फ्लेक्स लावल्यावर घरातला सगळ्यात स्वस्त, जुना फोन घेऊन पाच मीटरवर जा आणि एक रुपया पाठवून बघा, तुमच्या चांगल्या फोनवर झालं म्हणजे गिऱ्हाइकाच्या फोनवर होईलच असं नाही. आणि वरचा कोड रोज सकाळी स्टॉल उघडताना एकदा स्कॅन करून आपलंच नाव येतंय का बघत जा, यात्रेत रात्रीतून दुसऱ्याचा कोड चिकटवून जाणारे निघतात, उंचावर असला म्हणून हात पोचणार नाही असं समजू नका. पैसे आल्याचं बोलून सांगणारा स्पीकर बॉक्स मात्र काउंटरवरच ठेवा, लांबून पैसे पाठवणाऱ्याच्या फोनवरचा हिरवा टिक बघून ग्लास देऊ नका.